वाघूरच्या सात उड्या

दोस्तांनो, अजिंठ्याच्या लेण्यांची सहल तुमच्यापैकी कितीतरी जणांनी केली असेल. जळगावहून अंतर साठेक किलोमीटर. एस.टी.त भेंड्या रंगतात न रंगतात तोच फर्दापूर येतं. मग लेणी पाहायची, डबा खायचा आणि परत!

पण लेण्यांची रांग संपते तिथे जरा थांबा. पावसाळा असेल तर धो धो आवाज ऐकू येईल. ही वाघूर नदी, बरं का! डोंगरावरून ती एकदम खाली कोसळत नाही. एका कुंडात उडी घेते, ते भरलं की दुसऱ्यात, मग तिसऱ्यात... अशी सात कुंडं! म्हणून हा धबधबा सातकुंडाचा.

या पायऱ्या केल्या कोणी?

साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तापलेला लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर, मग तिसरा. दुरडीत भाकरी रचतात ना, तसे! सगळे थर सारखे टणक नसतात. नरम थर पाण्याने लवकर झिजतो, टणक थर पायरीसारखा उरतो. पाणी जोरात पडतं तिथे भोवरा होतो. त्यात सापडलेले गोटे गरगर फिरतात आणि जात्यासारखा तळ घासतात. हजारो वर्षं! असेच खळगे निघोजला कुकडी नदीत आहेत. त्यांना रांजणखळगे म्हणतात.

याच काळ्या दगडात दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्खूंनी लेणी कोरून घेतली. पावसाळ्यात गावोगाव न हिंडता एका जागी राहायचं, असा त्यांचा नियम. मग पाणी जवळ हवंच! लेण्यांतून नदीकडे उतरायला तेव्हा पायऱ्या होत्या.

पाणी पाहून तुम्हालाही डुंबावंसं वाटेल. पण नाही म्हणजे नाही! कुंडाच्या कडा गुळगुळीत, वर शेवाळ. पाय घसरला तर धरायला काही नाही. आपल्या डोक्यावर ऊन असलं, तरी वर माथ्यावर पाऊस झाला की लोंढा येतो. जुलै २०२३ मध्ये सेल्फी काढताना एक तरुण इथल्या कुंडात पडला. त्याला पोहता येत होतं आणि वर दोर टाकणारे होते, म्हणून तो वाचला. तेव्हा बघायचं ते लांबूनच.

आणखी एक गंमत. इथून वाघूर उत्तरेला खान्देशात उतरते आणि पुढे तापीला मिळते. त्याआधी वाघूर धरणात तिचं पाणी अडवलेलं आहे. तेच पाणी जळगाव शहराला मिळतं. म्हणजे सात उड्या मारून आलेली ही नदी कितीतरी घरांच्या माठात येऊन बसते!

आता सांगा, चिवड्याची रिकामी पिशवी कुंडाच्या काठावर टाकाल का?