‘दुखत नाहीये’ म्हणाला तरी...

भाच्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, त्या संध्याकाळी ऑफिसमधून मी थेट हॉस्पिटल गाठलं. वय वर्षं सात. नर्सनं विचारलं, ‘दुखतंय का रे राजा?’ पठ्ठ्या ठामपणे म्हणाला, ‘नाही.’ गुडघे पोटाशी घेतलेले, टीव्हीवरच्या कार्टूनकडेही बघेना. ती गेल्यावर माझ्या कानात कुजबुजला, ‘मावशी, हो म्हटलं की सुई टोचतात!’

घ्या! सलाइन लावलेलंच होतं. औषध त्याच नळीतून जाणार, नवी सुई नाही, एवढं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर लगेच कबूल झाला. मग नर्सनं हसऱ्यापासून रडक्यापर्यंत सहा चेहऱ्यांचा तक्ता दाखवला. वाँग-बेकर स्केल म्हणतात त्याला. साहेबांनी शेवटून दुसरा चेहरा निवडला.

लहानांना फारसं दुखत नाही, असं एकेकाळी डॉक्टरही मानायचे. अगदी नवजात बाळांची ऑपरेशन्स नाममात्र भूल देऊन व्हायची. भारतात जन्मलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिलं, की पुरेशी वेदनाशामक भूल मिळालेली बाळं ऑपरेशनचा ताण कितीतरी चांगला सोसतात.

आता घरी आल्यावरचं. पहिले एक-दोन दिवस दुखायची वाट बघायची नाही. डॉक्टरांनी दिलेल्या वेळेलाच औषध. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, साधारण किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांनी. म्हणजे २० किलोच्या मुलाला ३०० मिलिग्रॅम. पण बाटली नीट वाचा: ५ मिलीत कुठे १२५ असतं, कुठे २५०! सर्दीच्या सिरपमध्येही तेच लपलेलं असतं, म्हणजे नकळत डबल डोस. घरातली निमेसुलाइड तर नकोच. १२ वर्षांखालच्या मुलांसाठी ती आपल्याकडे २०११ पासून बंद आहे. ॲस्पिरिनही नको.

खोकताना पोटावर उशी दाबून धरायची. दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर खांदा दुखतो. घाबरू नका, पोटात भरलेल्या गॅसचा तो प्रताप. पण दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं, ताप आला, उलट्या झाल्या, पोट फुगलं किंवा टाक्यांतून पू आला, तर थेट डॉक्टर. मीटिंग राहू द्या.

तिसऱ्या दिवशी भाच्यानं स्वतःच तक्ता मागितला. दुसरा चेहरा. आणि वर, ‘मावशी, आइस्क्रीम कधी?’