वृत्तालेखातील रंग : क्रमाचे की नावाचे?

जनगणनेच्या आकडेवारीवरील प्रकल्पात विद्यार्थी हमखास वृत्तालेख काढतात. कंपास व कोनमापकाऐवजी पायथन भाषेतील मॅटप्लॉटलिब वापरले, तर आकडे देताच वर्तुळपाकळ्या तयार होतात आणि रंगही आपोआप भरले जातात. अडचण या 'आपोआप' मध्येच आहे.

२०११ च्या जनगणनेतील मातृभाषा घेऊ. गोव्यात कोकणी सुमारे ६६ टक्के, मग मराठी, मग हिंदी. महाराष्ट्रात मराठी सुमारे ६९ टक्के, मग हिंदी, मग उर्दू. २०१७ साली आलेल्या २.० या आवृत्तीपासून मॅटप्लॉटलिब पहिल्या पाकळीला निळा, दुसरीला नारिंगी, तिसरीला हिरवा रंग देते. उतरत्या क्रमाने आकडे दिले, तर गोव्याच्या आलेखात कोकणी निळी आणि महाराष्ट्राच्या आलेखात मराठी निळी होते. दोन्ही आलेख शेजारी छापले की पाहणाऱ्याला निळी भाषा एकच वाटते. आकडे अचूक, चित्र मात्र दिशाभूल करणारे!

रंग स्वतः ठरवण्यासाठी 'पाय' या फंक्शनला 'कलर्स' नावाने रंगांची यादी देता येते. पण हाताने लिहिलेली यादीही क्रमानेच लागू होते. आकड्यांचा क्रम बदलला की रंग पुन्हा सरकतात. म्हणून आधी डिक्शनरी करावी. तीत प्रत्येक भाषेच्या नावापुढे तिचा रंग लिहावा. नंतर आलेखातील नावे एकेक घेऊन डिक्शनरीतून त्यांचे रंग उचलावेत आणि तयार होणारी यादी 'कलर्स'ला द्यावी. एवढ्या एका ओळीने रंग नावाला बांधला जातो. दोन्ही आलेखांना डिक्शनरी मात्र एकच हवी. (उर्दूला हिरवा आणि हिंदीला भगवा देण्याचा मोह टाळावा. भाषेला धर्माचा रंग चढवणे हे सांख्यिकीचे काम नव्हे.)

यादीत रंग कमी पडले तर संगणक तक्रार करत नाही, पहिल्यापासून पुन्हा सुरुवात करतो. पाच रंग आणि सहा पाकळ्या असतील, तर सहावी पाकळी पहिलीच्याच रंगाची होते; वर्तुळात त्या दोघी शेजारी असल्याने एकच मोठी पाकळी दिसते.

प्रकल्पाची झेरॉक्स काढायची असेल तर गडद-फिका हा भेदही पाहावा. सारख्याच गडद छटेचे लाल आणि हिरवा झेरॉक्समध्ये जवळजवळ एकच करडा होतात. २०२३ च्या ३.७ आवृत्तीपासून 'हॅच' देऊन पाकळ्यांत रेघा वा ठिपकेही भरता येतात.