सुतळी, रेशीम आणि ओला हात

जुलै १७२९. इंग्लंडच्या केंट परगण्यातल्या ऑटरडन प्लेस या वाड्यात एक लांब सुतळी आडवी टांगली होती. एका टोकाला हस्तिदंती गोळा, दुसऱ्या टोकाला काचेची नळी. पूर्वी कँटरबरीत रंगाऱ्याचा धंदा करणारे स्टीफन ग्रे ही नळी हाताने घासत आणि सुमारे ८० फुटांवरचा गोळा पितळेच्या वर्खाचे तुकडे ओढून घेई. काचेवरची वीज सुतळीतून पुढे जात होती.

सुतळीला आधार म्हणून यजमान ग्रॅनव्हिल व्हीलर यांनी रेशमी दोरे सुचवले. दोरे बारीक आहेत म्हणून वीज त्यांतून निसटत नाही, असा ग्रे यांचा समज झाला. पण पुढे भाराने रेशीम तुटले, त्या जागी बारीक पितळी तार आली आणि गोळा वर्ख ओढेनासा झाला. वीज तारेवाटे इमारतीत उतरत होती. तेव्हा कळले, की प्रश्न जाडीचा नसून पदार्थाचा आहे. सुवाहक आणि दुर्वाहक ही विभागणी या प्रयोगातून उभी राहिली. १७३१ मध्ये रॉयल सोसायटीचे पहिले कोप्ली पदक ग्रे यांना मिळाले.

आज शाळेत सुतळी दुर्वाहकांत मोडते. मग तिथे तिच्यातून वीज कशी गेली? घासलेल्या काचेचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि वर्ख हलवायला अगदी थोडा विद्युतभार पुरतो. हवेतला ओलावा शोषलेली सुतळी तेवढा नेऊ शकते.

तांब्यात इलेक्ट्रॉन मोकळे फिरतात, काचेत ते जखडलेले असतात. म्हणून काचेची रोधकता तांब्याच्या तुलनेत एकावर किमान सतरा शून्ये इतक्या पटींनी जास्त भरते. या दोन टोकांच्या मध्ये लाकूड, दोरी, भिंत आणि आपली त्वचा येते. यांची जागा ओलावा ठरवतो. शुद्ध पाणी वीज फारशी वाहत नाही. पण नळाच्या पाण्यात, पावसाच्या ओलीत आणि घामात विरघळलेले क्षार आयनरूपाने विद्युतभार वाहतात.

शरीराचा रोध कोरड्या त्वचेमुळे १ लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या त्वचेमुळे तो हजाराच्या आसपास उतरतो. घरातल्या २३० व्होल्टला पहिल्या स्थितीत सुमारे २ मिलिअँपिअर प्रवाह वाहतो, दुसऱ्या स्थितीत २३०. पहिल्याने झिणझिण्या येतात, दुसऱ्याने हृदय बंद पडू शकते.

म्हणूनच कोकणापासून विदर्भापर्यंत पावसाळ्यात कपडे वाळत घालायची लोखंडी तार जीवघेणी ठरते. वायरचे आवरण कुठेतरी सोललेले असते, पत्रा किंवा खांब ओला असतो आणि माणूस ओले कपडे घेऊन तारेला हात लावतो. हे मृत्यू टाळता येतात. तारेऐवजी नायलॉनची दोरी बांधावी, ती विजेच्या वायरपासून दूर असावी. अर्थिंग दरवर्षी वायरमनकडून तपासून घ्यावे. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी प्रत्येक घरात असलाच पाहिजे. लाकडी पाट किंवा रबरी चप्पल त्याची जागा घेऊ शकत नाही.