कावेरीकाठी ड्रॅगनशी झुंज

मेट्टूर धरणाचे पाणी जूनमध्ये सुटले, की तंजावर जिल्ह्यात कुरुवै भाताची लगबग सुरू होते. त्या दिवसांत तिरुवैयारूजवळच्या एका गावी मी गेलो होतो तो कालव्यांच्या पाण्यावर लिहिण्यासाठी. यजमान शेतकऱ्याच्या ओसरीवर बियाण्याच्या पोत्याला टेकून एक जाडजूड झेरॉक्स प्रत उभी होती. मुखपृष्ठावर शूर सरदार आणि ड्रॅगन. मूळचा लाल ड्रॅगन झेरॉक्समध्ये काळाठिक्कर पडला होता.

आल्फ्रेड आहो, रवी सेठी आणि जेफ्री उलमन यांचे कंपायलर-रचनेवरील हे पुस्तक 1986 चे. जगभरचे संगणक-विद्यार्थी त्याला ‘ड्रॅगन बुक’ म्हणतात. सेठी आयआयटी कानपूरचे, तर आहो आणि उलमन यांना 2020 चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा दुभाषा म्हणजे कंपायलर. आधी अक्षरांच्या ओळीतून शब्द वेगळे करायचे, मग वाक्यरचना तपासायची, मग अर्थ, आणि शेवटी यंत्राला कळणारे आदेश.

यजमानांची मुलगी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बारावीपर्यंत तमिळ माध्यम. याच एका विषयात ती दोनदा नापास झाली होती. ‘‘सर, तक्ते पाठ आहेत,’’ ती म्हणाली, ‘‘पण ते कशासाठी करतात, हे कोणी सांगितलंच नाही.’’ मी विचारले, शाळेत जोडशब्द सोडवायला शिकवतात ना? तमिळ व्याकरणातली ती ‘पुणर्च्ची’ तिला तोंडपाठ होती. थोड्या वेळाने तिनेच पहिल्या दोन पायऱ्या मला तमिळमध्ये समजावून दिल्या. माझे तोडकेमोडके तमिळ कमी पडले, तिची समज नव्हे. (तोल्काप्पियमचेही एळुत्तु, सोल, पोरुळ असे तीन भाग आहेत: अक्षर, शब्द, आशय. मात्र तिथले ‘पोरुळ’ काव्यातले आहे. हे साम्य फार ताणू नये.)

मग पुस्तक तमिळमध्ये आणले, की प्रश्न सुटला? मला तसे वाटत नाही. ‘कंपायलर’ला तमिळमध्ये ‘तोगुप्पी’ म्हणतात, मराठीत ‘संकलक’. दोन्ही शब्दांचा अर्थ गोळा करणारा. ग्रेस हॉपर यांनी 1952 च्या सुमारास हा शब्द योजला, तेव्हा त्यांचा प्रोग्रॅम खरोखरच तयार तुकडे गोळा करून जोडत असे. आजचा कंपायलर भाषांतर करतो, आणि आपले पारिभाषिक कोश सत्तर वर्षांपूर्वीच्या अर्थाला चिकटून आहेत. अण्णा विद्यापीठाने 2010 मध्ये स्थापत्य आणि यंत्र अभियांत्रिकी तमिळमधून सुरू केली. 2021 पासून एआयसीटीईने मराठीसह अनेक भाषांना वाट करून दिली. पण प्रश्नपत्रिका तक्तेच मागत राहिली, तर ते तक्ते तमिळमध्ये पाठ होतील, एवढेच. आयआयटी मुंबईचे धनंजय ढमढेरे यांचे कंपायलरवरील पुस्तक भारतात लिहिले गेले, तेही इंग्रजीत. तरी ते आपल्या विद्यार्थ्यासमोर बसून लिहिल्यासारखे वाटते. अनुवादाइतकीच गरज अशा लेखनाची आहे.

हा केवळ एका मुलीच्या गुणपत्रिकेचा प्रश्न असता, तर राष्ट्रीय घडामोडींच्या स्तंभात त्याला जागा दिली नसती. आयआयटी मद्रासने ‘शक्ती’ हा प्रोसेसर घडवला, केंद्राने डिसेंबर 2021 मध्ये सेमीकंडक्टरसाठी 76 हजार कोटी रुपयांची योजना मंजूर केली. परंतु कंपायलरवाचून प्रोसेसर मुकाच. कारखान्याला अनुदान देता येते. कंपायलर दुरुस्त करू शकणारी माणसे अशाच ओसऱ्यांवरून यायची आहेत, आणि त्यांच्या शिक्षकांसाठी त्या तोडीची तरतूद मला कुठे दिसत नाही.

निघताना तिने सांगितले, की नोव्हेंबरात पुन्हा पेपर आहे. तोवर कुरुवैची कापणी उरकलेली असेल. बेरीज-वजाबाकीचा छोटा कंपायलर ती स्वतः लिहून पाहणार होती. त्याला परीक्षेत गुण नाहीत, हेही तिला ठाऊक होते.