जुन्या जीपगाडीचा सेल्फ बदलण्यापूर्वीं

आमच्या सभासदांपैकीं कित्येकांच्या अंगणांत अद्यापि जुनी जीपगाडी उभी असते. नवी मोटार घेण्याची ऐपत आली तरी मळ्यांत जाण्यास, खताचीं पोतीं आणण्यास व पावसाळ्यांत चिखलांतून निघण्यास हीच बरी, असा त्यांचा अनुभव आहे, आणि आमचाहि तोच आहे. या गाडीचें इंजिन सहसा दगा देत नाहीं. दगा देतो तो इंजिनास पहिला फेर देणारा विजेचा मोटर, ज्यास पुस्तकांत स्टार्टर व मिस्त्री मंडळींत सेल्फ म्हणतात. तो बिघडला म्हणजे 'नवा आणून टाकूं' असें आपण सहज म्हणतों. जुन्या गाडीच्या बाबतींत हें म्हणणें किती महाग पडतें, तें आम्ही स्वतःच्या पैशानें शिकलों आहों.

आमची जीप नोंदणीपुस्तकाप्रमाणें १९६२ सालची, पेट्रोलवर चालणारी व बारा व्होल्टांच्या बॅटरीची आहे. टोमॅटोचे कॅरेट भरून पहांटे बाजारास निघण्याच्या वेळीं एकदां तिचा सेल्फ फिरेना. हँडल मारून गाडी सुरू केली, माल पोंचविला, आणि तसेच एका दुकानीं गेलों. दुकानदारानें साल विचारलें. आम्हीं नोंदणीपुस्तक पुढें केलें. त्यानें त्या सालाच्या गाडीस योग्य असा नवा कोरा सेल्फ दिला व जुना मोडींत घेऊन तेवढे पैसे वजा केले. बोल्ट बरोबर बसले, इंजिनहि सुरू झालें. मात्र पहिल्या दिवसापासून कळ दाबतांच कर्र असा कर्कश आवाज येई. मिस्त्री म्हणाला, "नवीन आहे, घासून बसेल." तो बसला नाहीं. आठव्या दिवशीं त्यानें फ्लायव्हीलच्या कड्याचे दांतेच खाऊन टाकले. त्या कड्यापाशीं पोंचावयाचें तर गिअरबॉक्स उतरावा लागतो. चार दिवस गाडी ठोकळ्यांवर राहिली, माल भाड्याच्या गाडीनें न्यावा लागला, आणि मजुरी सेल्फाच्या किमतीहून अधिक झाली.

गिअरबॉक्स उतरल्यावर कड्याचे दांते मोजले, ते ९७ भरले. नव्या सेल्फाची पिनियन मात्र १२९ दांत्यांच्या कड्यासाठीं घडविलेली होती. विलिसच्या या चार सिलिंडरांच्या इंजिनास आरंभीं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील लष्करी जीपांच्या काळीं, ९७ जाड दांत्यांचें कडें असे व विजेची सर्व योजना सहा व्होल्टांची असे. मागाहून बारा व्होल्ट आले आणि १२९ बारीक दांत्यांचीं कडीं आलीं. बारीक दांत्यांची पिनियन जाड दांत्यांच्या खांचेंत शिरते खरी, पण तेथें तिचा मेळ बसत नाहीं. ती निसटत निसटत कड्यास फिरविते आणि फिरवितां फिरवितां कापते. आमच्या गाडींत पूर्वीच्या कोणा मालकानें जुन्या जीपेचें फ्लायव्हील घातलें होतें, त्याची नोंद कोणत्याहि पुस्तकांत नव्हती. कागदावर एक व जमिनीवर दुसरें, असा प्रकार महसुलाच्या दप्तरांत जन्मभर पाहिलेला असतांहि आम्हीं नोंदणीपुस्तकावर भिस्त ठेविली, हा दोष आमचाच.

अशी सरमिसळ जीपगाडीच्या नशिबीं विशेष आहे. अमेरिकेंत सी. जे. ३-बी ही आकृति १९६८ सालीं बंद झाली, तरी आपल्याकडे महिंद्रांच्या कारखान्यांतून तिच्याच वळणाच्या गाड्या पुढें कित्येक वर्षें निघत राहिल्या. एका गाडीचा भाग दुसरीस लागे, व तो लावलाहि जाई. म्हणून गाडीच्या नांवावरून किंवा सालावरून सेल्फ घेऊं नये; फ्लायव्हीलवरून घ्यावा.

याचें कारण समजण्यास सेल्फाची रचना थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. इंजिन आपण होऊन पहिला फेर घेऊं शकत नाहीं. पूर्वीं तो हँडलानें द्यावा लागे. चार्ल्स केटरिंग यांनीं तयार केलेला विजेचा सेल्फ १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला, आणि तेथून पुढें हँडल मागें पडलें. सेल्फाच्या टोकास नऊ-दहा दांत्यांची लहान पिनियन असते व ती फ्लायव्हीलभोवतालच्या मोठ्या कड्यांत अडकते. सेल्फानें दहाबारा फेरे घ्यावे तेव्हां इंजिनाचा एक फेर होतो, म्हणूनच हातांत मावणारा मोटर एवढें जड इंजिन हालवूं शकतो. परंतु इंजिन सुरू होतांच हाच हिशेब उलटतो. इंजिनानें मिनिटास हजार फेरे घेतले तर अडकून राहिलेल्या सेल्फास दहाबारा हजार घ्यावे लागतील व त्याचें आर्मेचर फुटून जाईल. तेव्हां पिनियननें ऐन वेळीं पुढें जाऊन ऐन वेळीं मागें सरलें पाहिजे. जुन्या जीपांत हें काम मळसूत्रावर सरकणारा बेंडिक्स करितो. नव्या पद्धतींत सेल्फाच्या पाठीवरचा सोलेनॉइड पिनियन आधीं अडकवितो व मग वीज सोडतो.

आतां, सेल्फ खरोखर बिघडला आहे काय, हें प्रथम पाहावें. आमच्या समजुतीप्रमाणें मोडींत जाणाऱ्या सेल्फांपैकीं पुष्कळ निर्दोष असतात. रात्रीं पुढचे दिवे लावून कळ दाबावी. दिवे अगदीं मंद झाले आणि सेल्फ फिरला नाहीं, तर बॅटरी उतरली आहे, तिचीं टोकें गंजलीं आहेत, किंवा सेल्फ अथवा इंजिन जाम झालें आहे. दिवे तसेच लखलखीत राहिले तर वीज सेल्फापर्यंत जातच नाहीं, किंवा गेली तरी आंत कार्बन टेकत नाहींत. जुन्या जीपांत सेल्फाची कळ पायाखालीं असते व सर्व वीजप्रवाह त्या एका कळेंतून जातो. तिचे आंतील तांब्याचे ठसे जळून काळे पडतात. ते घासून साफ करण्यास अर्धा तास पुरतो. सेल्फ नुसता घूं करून फिरतो पण इंजिन हालत नाहीं, असें असेल तर बेंडिक्साच्या मळसूत्रावर चिखल व तेल बसलें असावें. तें रॉकेलनें धुवून कोरडें ठेवावें. तेथें ग्रीस लावण्याचा मोह पुष्कळांस होतो, आणि त्याच ग्रीसवर धूळ बसून तें पुन्हां चिकटतें.

ज्यांच्यापाशीं व्होल्टमीटर आहे त्यांनीं आणखी एक परीक्षा करावी. भरलेली बारा व्होल्टांची बॅटरी स्वस्थ असतां १२.६ व्होल्टांच्या आसपास दाखविते; सेल्फ फिरत असतां ती साडेनवाच्या खालीं जाऊं नये. नंतर एक सुई बॅटरीच्या धन टोकावर व दुसरी सेल्फाच्या खिळीवर ठेवून कळ दाबावी. अर्ध्या व्होल्टाहून अधिक दिसल्यास तेवढी वीज वाटेंतच, तारेंत किंवा कळेंत, खर्च होत आहे. तसेंच बॅटरीचें ऋण टोक व सेल्फाचें अंग यांमध्येंहि पाहावें. इंजिन रबराच्या गादीवर बसविलेलें असल्यामुळें चेसीपासून इंजिनापर्यंत एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती कोणी तरी दुरुस्तीच्या वेळीं काढतो आणि परत लावीत नाहीं. मग दोष सेल्फावर येतो.

कधीं एके ठिकाणीं सेल्फ अडकत नाहीं व गाडी गिअरमध्यें घालून हातभर ढकलली कीं चटकन लागतो. ही खूण सेल्फाची नव्हे, कड्याची आहे. चार सिलिंडरांचें इंजिन थांबतांना बहुधा दोनच जागीं थांबतें, म्हणून कड्याचे समोरासमोरचे दोन भागच झिजतात. अशा कड्यास नवा सेल्फ लावणें म्हणजे नवी पिनियन झिजविणें होय. कडें तापवून काढावें व पाव फेर फिरवून पुन्हां बसवावें, म्हणजे न झिजलेले दांते कामास येतात. आमच्याहि गाडीस अखेर हाच उपाय केला.

एवढें पाहूनहि दोष सेल्फाचाच ठरला तर तो उतरावा. त्यापूर्वीं बॅटरीची जमिनीकडील तार सोडावी. सेल्फाच्या भोकांतून कड्याचे दांते दिसतात. एका दांत्यावर खडूची खूण करून, प्लग काढून, हँडलानें इंजिन हळूहळू फिरवावें आणि खूण परत येईपर्यंत दांते मोजावे. काम कंटाळवाणें आहे, मध्येंच मोज चुकते, म्हणून दोघांनीं करावें व दोनदां करावें. आम्हीं ही पाऊण तासाची मेहनत केली असती तर गिअरबॉक्स उतरण्याची वेळ आली नसती. पिनियनचे दांते, ती फिरण्याची दिशा, बोल्टांची संख्या व अंतर, आणि पिनियन सुटतांना मोटरकडे येते कीं मोटरापासून दूर जाते, हेंहि एका चिठ्ठीवर लिहून ठेवावें. दुकानांत गाडीचें पुस्तक न नेतां ही चिठ्ठी व जुना सेल्फ न्यावा.

व्होल्टांविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण आमचा मोडींत गेलेला जुना सेल्फ मुळांत सहा व्होल्टांचा होता असें मागाहून ध्यानांत आलें. जाड दांत्यांची पिनियन त्यालाच असावयाची. सहा व्होल्टांचा सेल्फ बारांवर चालतो, आणि जोरांत चालतो. पुष्कळ जुन्या जीपा अशाच चालल्या आहेत. मात्र तो कड्यावर हातोड्यासारखा आदळतो व लवकर तापतो, म्हणून कळ दोनचार सेकंदांपलीकडे दाबूं नये. उलट बारा व्होल्टांचा सेल्फ सहांवर इंजिन धडपणें फिरवीत नाहीं.

नवा घ्यावा कीं जुनाच दुरुस्त करावा? आमचें मत स्पष्टपणें दुरुस्तीच्या बाजूचें आहे. जुन्या सेल्फांत झिजतें तें फारसें नसतें: कार्बन, दोन्ही टोकांचे पितळी बुश, बेंडिक्साची स्प्रिंग. कार्बन निम्म्याहून आंखूड झाले असतील तर बदलावे; बुश झिजून आर्मेचर चुंबकाच्या खुरांस घासत असेल तर नवे ठोकावे; कॉम्युटेटर काळा पडला असेल तर लेथवर हलका हात फिरवून फटींतील अभ्रक खरवडावें. वाइंडिंग जळालें असलें तरी तालुक्याच्या गांवीं पंपाच्या मोटरी भरणारा कारागीर असतोच, पण सेल्फाची जाड तांब्याची पट्टी भरण्याचा हात सर्वांस नसतो, तेव्हां विचारून द्यावा. बाजारांत मिळणाऱ्या स्वस्त नकलांपेक्षां जुन्याचें ओतकाम बहुधा भरीव असतें.

अलीकडे आंत गिअर असलेले लहान, हलके सेल्फ निघाले आहेत. ते वीज कमी खातात व जोरानें फिरवितात, आणि ज्याच्या गाडींत बॅटरी नेहमीं अर्धवट भरलेली असते त्यास ते सोयीचे आहेत. त्यांपैकीं पुष्कळांत तारेच्या गुंडाळ्यांऐवजीं कायमचे चुंबक असतात. असा सेल्फ अडला म्हणून त्यावर हातोडी मारण्याची आपली जुनी रीत येथें चालवूं नये, चुंबक तडकतात. ज्या जुन्या इंग्रजी वळणाच्या मोटारींत बॅटरीचें धन टोक चेसीस जोडलेलें असतें, त्यांसहि हा प्रकार सरळ लागत नाहीं. गुंडाळ्यांचा सेल्फ टोकें उलटलीं तरी त्याच दिशेस फिरतो, चुंबकाचा मात्र उलट फिरतो.

ज्यांनीं जीपेंत मागाहून डिझेल इंजिन बसविलें आहे त्यांस वरील ९७ व १२९ यांचा उपयोग नाहीं. पेट्रोल इंजिनांत हवा सुमारें सात पट दाबली जाते, डिझेलांत सोळा ते बावीस पट. तेथें दोनतीन पट शक्तीचा सेल्फ लागतो व त्याच मानानें जाड तार व मोठी बॅटरी लागते. इंजिन ज्या ट्रॅक्टराचें किंवा गाडीचें असेल तिचाच सेल्फ घ्यावा. दांते मोजण्यांतून मात्र त्यांचीहि सुटका नाहीं.

नवा किंवा दुरुस्त सेल्फ लावल्यावर पहिल्याच दिवशीं कर्र आवाज आला तर गाडी तेथेंच थांबवावी. तो घासून बसत नसतो. आणि नवा महिनाभर नीट चालेपर्यंत जुना मोडींत देऊं नये. नवा उतारा हातीं पडेपर्यंत जुना सातबारा कोणी फाडीत नाहीं. आम्हांस ९७ दांत्यांस जुळणारा जुना सेल्फ अखेर एका मोडवाल्याच्या ढिगांत मिळाला. तो आमचाच होता कीं काय हें सांगतां येत नाहीं, परंतु किंमत आम्हीं ज्या भावानें दिला त्याच्या चौपट पडली. कार्बन व बुश बदलून तो आतां चालत आहे. दुकानदारानें वापरलेला म्हणून परत न घेतलेला नवा सेल्फ आमच्या कोठारांत पडून आहे. पिनियन तेवढी नवी घालावी लागेल. ज्या सभासदाच्या गाडीचे दांते १२९ भरतील त्यानें तो खुशाल येऊन न्यावा, मात्र दोनदां मोजून यावें.