सुरजागड : समुद्रातून डोंगरावर आलेले लोखंड

हिमालय पाहायला जाण्याची ऐपत सगळ्यांचीच नसते. पण आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात हिमालयाहून कितीतरी जुना डोंगर उभा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

हिमालय वर यायला लागला त्याला सुमारे पाच कोटी वर्षे झाली. सुरजागडचा लोहखडक सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा, म्हणजे जवळजवळ पन्नासपट जुना! एव्हरेस्टच्या माथ्यावरचा चुनखडक समुद्राच्या तळाशी तयार झाला, आणि आपला लोहखडकही तसाच. त्या काळी समुद्राच्या पाण्यात लोह विरघळलेले होते. सूक्ष्म जीवांनी प्राणवायू सोडला, लोह गंजले आणि थराथरांनी तळाशी बसले. म्हणून या दगडात लाल, करडे पट्टे दिसतात. भोवतालचा मऊ खडक ऊन-पावसाने झिजला, कठीण तेवढा डोंगर होऊन उरला.

खाण सुरू होण्याआधी आम्ही काही कर्मचारी मित्र जानेवारीतल्या ठाकूरदेवाच्या यात्रेला गेलो होतो. साग, बांबू, मोहाच्या रानातून पायवाट चढत होती. पुढे माडिया बाया डोक्यावर शिधा घेऊन सरसर चालल्या होत्या, आणि आम्ही टेबल-खुर्चीवाले दर वळणावर दम खात होतो! एका मुलाने हातात दगड दिला. मूठभर दगड, पण वजन साध्या दगडाच्या जवळजवळ दुप्पट. कौलाच्या तुकड्यावर घासला तर तांबडी रेघ उमटली. हेमॅटाइट ओळखण्याची हीच खूण. शाळेत आम्हाला हे कोणी दाखवले नव्हते.

या डोंगरावर २०१६ साली लोहखनिज काढायला सुरुवात झाली. त्याच डिसेंबरात नक्षलवाद्यांनी पंचाहत्तरहून अधिक वाहने जाळली, काम थांबले. २०२१ पासून ते पुन्हा जोरात आहे. आज तिथे मनाला येईल तसे चढता येत नाही.

लोखंड नको असे आम्ही म्हणत नाही. नांगराचा फाळ आणि नदीवरचा पूल लोखंडाचाच. काहींना रोजगारही मिळाला. पण ज्यांचा देव त्या माथ्यावर आहे, त्यांच्या अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावरचा त्यांचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. अडीचशे कोटी वर्षांचा माथा एकदा ट्रकमधून गेला की परत येत नाही.

पालकांनो, मुलांना या डोंगराची गोष्ट सांगा. डोंगर कुणाचा, हा प्रश्नही त्यांना विचारू द्या.