हा प्रोग्रॅम इथे का चालत नाही?

शाळेच्या वार्षिक अंकाचे उर्दू लेख तुम्ही घरी इनपेजवर टाइप केले. शाळेच्या संगणकावर लिनक्स आहे. तिथे इनपेज बसवायला गेलात, तर तो सुरूच होत नाही. संगणक बिघडला काय? नाही.

एखादा फारसी मजकूर आठवून पाहा. लिपी ओळखीची, म्हणून अक्षरे वाचता येतात. अर्थ मात्र लागत नाही. इथेही तसेच घडते. दोन्ही संगणकांचा प्रोसेसर सारखा असला, तरी कार्यप्रणाली वेगळी आहे. फाईल उघडणे, पडद्यावर अक्षरे दाखवणे, कागद छापणे ही कामे प्रोग्रॅम कार्यप्रणालीकडून करवून घेतो. १९९४ साली तयार झालेला इनपेज ती विंडोजच्या रीतीने सांगतो. लिनक्सला ती रीत समजत नाही.

यासाठी १९९३ मध्ये ‘वाइन’चे काम सुरू झाले. विंडोजच्या रीतीची मागणी वाइन लिनक्सच्या रीतीत बदलून देते, जणू दुभाषाच! पण प्रत्येक प्रोग्रॅम त्यावर नीट चालेलच असे नाही, आणि खटपटीत दिवस जातो. त्यापेक्षा लिब्रेऑफिस बरे. विंडोज, मॅक आणि लिनक्ससाठी त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मोफत मिळतात. आपली कार्यप्रणाली पाहूनच आवृत्ती निवडा. त्यात युनिकोडमध्ये टाइप केलेली उर्दू तिन्हीकडे वाचता येते. जुन्या इनपेजची अक्षरांची सांकेतिक पद्धत मात्र स्वतःची होती. म्हणून त्यातले लेख आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावे लागतात. आणि हो, नस्तालीक फाँट दोन्ही संगणकांवर बसवा, नाहीतर घरी नस्तालीकमध्ये सजवलेले पान शाळेत नस्खमध्ये दिसेल.